भांड्यावरचा ओरखडा आणि भांड्यावरचं नाव



दसरा जवळ आला, घरोघरी फडताळं रिकामी व्हायला लागली, की आपल्या केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो. यंदाही आला. स्टीलच्या डब्यांवर, मिक्सरच्या भांड्यावर, गॅसच्या शेगडीवर ओरखडे पडलेत, ते कशाने जातील? याचं उत्तर दोन मिनिटांत देता येईल आणि ते मी देणारच आहे. पण त्याआधी थोडा इतिहास ऐकावा लागेल. ओरखडा म्हणजे नेमकं काय, हे कळल्याशिवाय तो काढायला गेलं की एकाचे दहा होतात. दुसरं असं, की आपल्या भांड्यांवरचा सगळ्यात ठळक ओरखडा आपण स्वतः दुकानात उभं राहून, कधीकधी वर पैसे देऊन, पाडून घेतलेला असतो. भांड्यावर घातलेलं नाव, दुसरं काय! त्याच्याकडे शेवटी येऊ.

आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात स्टील नव्हतं. तांब्याची घंगाळं, पितळेची पातेली, काशाच्या वाट्या, लोखंडाचा तवा, लोखंडी पात्याची विळी आणि मातीची गाडगी, असा तो संसार होता. यातलं प्रत्येक भांडं काही ना काही मागत असे. विळीवर कच्चं केळं किंवा कैरी चिरली की पातं काळं पडे आणि फोडीही काळ्या होत. ते लगेच धुऊन कोरडं केलं नाही तर सकाळी गंज. पितळेत ताक किंवा चिंचेचं सार राहिलं तर ते कळके. हा ‘कळकणं’ शब्द आताच्या मुलींना ठाऊक नसतो, कारण ती चवच घरातून गेली. आंबटाने तांबं आणि जस्त सुटतं, ते पदार्थात उतरतं, जीभ चरचरते आणि जास्त झालं तर उलट्या होतात. म्हणून कल्हई. भांडं कोळशावर तापवायचं, भाता मारायचा, नवसागराची पूड टाकून आतला पृष्ठभाग साफ करायचा आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे धातूंच्या मानाने फारच लवकर. त्यामुळे कल्हई घालणं सोपं, पण रिकामं पातेलं विस्तवावर राहिलं की ती उडणंही तितकंच सोपं. रोज घासल्याने ती झिजेच. वर्षातून दोन-तीनदा कल्हईवाल्याची वाट बघणं हा घरच्या बाईच्या कामाचाच एक भाग होता.

घासायला काय होतं? राख, माती, विटेची पूड, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी. राखेतले क्षार तेलाशी मिळून साबणाचं काम करतात, म्हणून राखेने तूपकट भांडंही निघे. पण राख राखेत फरक असतो. लाकडाची राख मऊ. भाताच्या तुसाची राख मात्र बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूची बहीणच. गोवरीच्या राखेत गवतातली, अंगणातली वाळू आलेली असते. पितळेला या सगळ्याने ओरखडे पडतच. पण पितळ मऊ, त्यावर असे हजारो बारीक ओरखडे एकमेकांत मिसळून जात आणि त्यालाच आपण लखलखाट म्हणत असू. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अजून एक गोष्ट भांड्यांचा इतिहास सांगताना गाळता येत नाही. धातूचं भांडं सगळ्यांना सारखं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची आदल्या वर्षीची हकिगत नोंदवली आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून गावातल्या सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाणी तेच, बायका त्याच; मातीच्या मडक्याऐवजी कमरेवर चकाकणारी कळशी आली, एवढाच त्यांचा अपराध. तेव्हा भांड्याची चमक ही नुसती स्वच्छतेची गोष्ट कधीच नव्हती.

आता स्टील कुठून आलं ते पाहू. इंग्लंडात शेफील्ड नावाचं शहर आहे, चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं. तिथे १८७१ साली एका पोलाद वितळवणाऱ्या कामगाराच्या घरी हॅरी ब्रिअर्ली जन्मला. लहानपणीच शाळा सुटली आणि पोलादाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा पोऱ्या म्हणून तो लागला. धुण्या-घासण्याच्या कामातून वर आलेला हा माणूस पुढे तिथल्याच एका प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९१२ साली त्याच्याकडे प्रश्न आला तो बंदुकांचा. गोळी सुटताना नळीचं आतलं पोलाद झिजतं, त्यावर उपाय हवा होता. त्याने पोलादात क्रोमियम मिसळून पाहिलं. १३ ऑगस्ट १९१३ रोजी जो घाणा ओतला त्यात १२.८ टक्के क्रोमियम होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी तुकड्यावर आम्ल लावतात, म्हणजे आतली वीण दिसते. या तुकड्यावर आम्ल नीट चढेचना. ब्रिअर्लीने मग व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग पडेना. बंदूक बाजूला राहिली आणि त्याच्या डोळ्यांपुढे जेवणाचं टेबल आलं.

त्याच्या मालकांना मात्र काही दिसलं नाही. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या चाकूंच्या कारखान्यातल्या एका जाणकाराने ते पोलाद घेऊन चाकू घडवले, व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिले आणि त्याला ‘स्टेनलेस’ म्हटलं. ब्रिअर्ली ‘न गंजणारं’ म्हणत होता, स्टुअर्टने ‘डाग नसलेलं’ केलं, आणि तेच नाव चाललं. पहिल्या चाकूंना धार राहीना, म्हणून गावात ब्रिअर्लीची टिंगलही झाली, की न कापणाऱ्या चाकूचा हा शोधकर्ता. पण त्या काळच्या इंग्रजी घरांत साध्या पोलादाचे चाकू रोज जेवणानंतर फळीवर कुरुंदाच्या पुडीने घासावे लागत आणि ते काम घरातल्या सगळ्यात लहान नोकराकडे असे. त्या पोरांच्या हातांचा विचार केला तर बोथट चाकूही बरा.

श्रेय एकट्या शेफील्डचं नाही. जर्मनीत क्रुप कारखान्यातल्या श्ट्राउस आणि माउरर या दोघांनी १९१२ सालीच क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या पोलादाचं पेटंट मागितलं होतं. आपल्या भांड्यांचे खरे पूर्वज ते. पुढे १९२४ साली शेफील्डमध्येच हॅटफील्डने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असं प्रमाण बसवलं. हे पोलाद लवचीक असतं, पत्रा दाबला तर न फाटता खोल जातो. पातेलं, डबा, वाटी, लोटा या आकारांना हेच हवं. पेल्याच्या बुडाशी ‘१८-८’ लिहिलेलं पाहिलं असेल, त्याचा अर्थ हा.

मग या पोलादाला गंज का येत नाही? हवा लागली की त्यातल्या क्रोमियमचा एक पापुद्रा वर तयार होतो. तो इतका पातळ असतो, की डोक्याच्या केसाच्या जाडीचे वीस-बावीस हजार भाग केले तर त्यातला एक. तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. ओरखडा पडला की तो तिथे फाटतो आणि हवा लागताच आपोआप पुन्हा धरतो. कल्हई गेली की कल्हईवाला लागायचा. ही कल्हई स्वतःच स्वतःला घालून घेते. म्हणून पहिलं उत्तर असं, की ओरखडा पडलेलं स्टीलचं भांडं खराब झालेलं नसतं. त्यात शिजवायला, आंबट ठेवायला काही हरकत नाही. ते फक्त जुनं दिसतं.

आपल्याकडे पितळ आणि स्टील यांच्या मधल्या काळात अ‍ॅल्युमिनियम येऊन गेलं. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करायला सुरुवात केली. स्वस्त, हलकं, कल्हई नको. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणत. गरिबाघरी ते आलं आणि मान न मिळवताच राहिलं. स्टीलचं तसं झालं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत पत्रा बाहेरून यायचा, आयातीवर बंधनं होती, त्यामुळे स्टीलचा एक डबा ही मिरवायची वस्तू होती. ती वापरात नसे, मांडणीवर असे. सरकारी सेलमच्या कारखान्यात १९८१-८२च्या सुमाराला स्टेनलेसचे पत्रे निघू लागले, खाजगी कारखानेही वाढले आणि मग भाव सर्वांच्या आवाक्यात आले. मुंबईजवळ भाईंदर, दिल्लीत वजीरपूर, अशा ठिकाणी भांड्यांचे लहान लहान कारखाने दाटीने उभे राहिले. उपकरणांतही स्टील आलं. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने ‘सुमीत’ मिक्सर काढला. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला, हे त्याचं निमित्त. हळद, सुकं खोबरं, भिजलेली डाळ यांच्यापुढे काचेचं भांडं टिकणार नव्हतं, म्हणून स्टीलचं भांडं. मिक्सरच्या भांड्याच्या आत जे गोल गोल ओरखडे असतात ते आपल्या मसाल्यांचेच. ते काढायच्या भानगडीत पडू नका, उद्या पुन्हा पडतील.

पण घराघरात स्टील पोचवलं ते कुठल्या कारखान्याने किंवा दुकानाने नाही, असं माझं मत आहे. ते पोचवलं बोहारणीने. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत पेले-वाट्या-पातेली, दुपारी पुरुषमाणसं घरात नसताना दारात हाक. जुन्या साड्या, पँटी, कोट, सगळं उलटंसुलटं करून, उजेडात धरून ती बघणार, शिवण ओढून पाहणार. जरीच्या साडीवर डबा, साध्या दोन साड्यांवर वाटी, आणि मग अर्धा तास घासाघीस. रोख पैसा ज्या बाईच्या हातात कधी नव्हता, तिने या दारातल्या बाजारात स्वतःच्या अकलेने संसार जमवला. आपल्याकडच्या आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत या व्यवहाराला एक परिच्छेदही मिळत नाही. त्या बाईने तो डबा फडताळात ठेवला तो तिच्या मालकीचा होता, आणि तिला ते माहीत होतं.

आता त्या चकचकीतपणाकडे येऊ. कारखान्यातून पत्रा येतो तो मंद, राखाडी असतो. साच्यात दाबून त्याचं भांडं होतं तेव्हा त्यावर साच्याच्या खुणा असतात. मग ते फिरत्या चाकावर धरतात. आधी खरखरीत पट्टा, मग त्याहून बारीक, मग कापडाचं चाक आणि त्यावर मेणासारखा खडा चोळलेला. शेवटच्या चकाकीसाठी पुष्कळदा हिरवा खडा वापरतात. तो हिरवा रंग क्रोमियमच्या भुकटीचा असतो, म्हणजे स्टीलवर जो न दिसणारा पापुद्रा असतो त्याचाच हा जाडाभरडा भाऊ. या प्रत्येक पायरीवर काय होतं? आधीचे मोठे ओरखडे जातात आणि त्यांच्या जागी त्याहून लहान पडतात. इतके लहान की डोळ्याला दिसू नयेत, तेव्हा आपल्याला आरसा दिसतो. चकाकी म्हणजे ओरखडे नसणं नव्हे. पितळेच्या लखलखाटाबद्दल मघाशी जे म्हटलं तेच इथेही. चाकापाशी बसणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात धातूची आणि कापडाची धूळ जाते, तोंडाला बांधायला बहुधा रुमालच असतो, आणि संध्याकाळी तो काळा माणूस आणि त्याच्या शेजारी आरशासारख्या वाट्यांची चळत, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी जास्त काय सांगणार?

घरी आणलेल्या या आरशावर पहिला ओरखडा पडतो तो बहुतेक घासणीने. तारेच्या घासणीची एक गोष्ट आहे. १९१७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला एडविन कॉक्स नावाचा विक्रेता दारोदार अ‍ॅल्युमिनियमची भांडी विकत फिरे. अन्न चिकटतं, ही बायकांची तक्रार. त्याने बारीक पोलादी तारेचे बोळे साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि भांड्याबरोबर भेट द्यायला सुरुवात केली. भांडी बाजूला राहिली, बोळेच खपू लागले. त्याला ‘एस.ओ.एस.’ हे नाव सुचवलं त्याच्या बायकोने, ‘आमची पातेली वाचवा’ अशा अर्थाने. तिचं स्वतःचं नाव मात्र ही गोष्ट सांगणारे बहुधा सांगत नाहीत, ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावर भागवतात.

ही तार साध्या लोखंडाची असेल तर स्टीलला दोन प्रकारे त्रास देते. ओरखडे पाडते, आणि तिचे बारीक कण ओरखड्यांत अडकून राहतात. दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये तांबूस ठिपके दिसतात आणि आपण म्हणतो, स्टील खोटं निघालं, गंजलं. गंजते ती तार.

पुडीचंही असंच. कुठला दगड कोणाला ओरखडतो याची एक मोजपट्टी मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली लावली. खडू-चुनखडी तीनवर, गारगोटी सातवर, आणि आपलं स्टील साधारण साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणजे वाळू, विटेची पूड, तुसाची राख स्टीलला ओरखडणार. चुनखडीची मऊ पूड ओरखडणार नाही. अमेरिकेत १८८६ साली ‘बॉन अमी’ नावाची पूड निघाली तीच या हिशोबावर, गारगोटीऐवजी फेल्डस्पार नावाचा जरा मऊ दगड घालून. तिच्या डब्यावर नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू असे, कारण त्याने अजून माती उकरलेली नसते! आपल्याकडे १९९३ साली विम बार आला आणि हळूहळू शहरांतून राख गेली. वडीने पितळेपेक्षा स्टील छान निघतं. तरी वडीवर पडलेली मोरीतली रेती तशीच घासणीत आली तर तिचा दोष वडीला देऊ नये.

शहरात ही भांडी घासते कोण, हेही बोलायला हवं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, आजारपणातही सुट्टी मिळत नाही या संतापातून, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. स्टीलच्या डब्याला ओरखडा पडला की “तिने घासला” हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! तिच्या बोटांच्या चिरांवर कधी असा प्रश्न येत नाही. आणि ओरखडे पडून जुना झालेला पेला तिच्या चहासाठी बाजूला ठेवायची पद्धत, ही त्या कळशीच्या गोष्टीचीच पुढची पिढी आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

बरं, आता कृती.

आधी बघा, तो ओरखडाच आहे ना. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पुष्कळदा ओरखड्यासारखे दिसतात. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळा, पाच मिनिटांनी धुवा. गेला तर तो क्षार होता. नुसत्या तापलेल्या भांड्याच्या तळाचे निळे-जांभळे रंगही असेच आंबटाने उतरतात. बुडाशी टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर ते मिठाचे. गार पाण्यात मीठ टाकून भांडं तसंच ठेवलं की खडा तळाशी बसून स्टील खातो. ते खड्डे घरी जात नाहीत. यापुढे पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि ढवळा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड तर सिंकच्या आसपासही नको.

मग भांडं तिरपं धरून पाहा, त्याच्या अंगावर एकाच दिशेने बारीक रेघा आहेत का? सिंक, शेगडीचा पत्रा, काही फ्रिज यांवर त्या मुद्दाम काढलेल्या असतात. अशा पत्र्यावरचा ओरखडा घरी जाऊ शकतो. हिरवी घासणी ओली करून, साबण लावून, रेघांच्याच दिशेने, एकसारखा हलका दाब देत फिरवायची. गोल गोल नाही आणि आडवी तर मुळीच नाही. एकदा आडवं घासलं की तो सगळा भाग वेगळा दिसतो. ओरखडा नखाला अडकण्याइतका खोल असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर घ्या. आधी सहाशे नंबरचा, मग हजारचा, दोन्ही पाण्यात भिजवून, त्याच दिशेने. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. फक्त ओरखड्यापुरतं घासलं तर तिथे ठिगळासारखं दिसतं, म्हणून आजूबाजूला थोडं पसरवत न्या. आधी सिंकच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी करून बघा. शेगडी असेल तर गॅस बंद आणि बर्नर काढून. विजेचं उपकरण असेल तर पिन काढून. काही नव्या फ्रिजवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो. त्याला यातलं काहीही लावू नका, लेपच निघेल.

आरशासारखं भांडं असेल तर कागद, घासणी, तार, सगळं लांब. मऊ सुती फडकं, त्यावर खाण्याचा सोडा आणि दोन थेंब पाणी, किंवा साधी पांढरी टूथपेस्ट, आणि सबुरीने चोळणं. बारीक जाळी कमी होईल, खोल ओरखडा जाणार नाही. शेवटी फडक्यावर तेलाचा एक थेंब घेऊन पुसलं तर राहिलेल्या रेघा डोळ्यांना कमी दिसतात. ही युक्ती आहे, उपाय नव्हे. स्वयंपाकाच्या भांड्यावर तीही करू नका, शेगडीच्या पत्र्यावर चालेल.

आणि चुंबक लावून स्टीलची परीक्षा करणाऱ्यांना एक सांगते. चुंबक चिकटला नाही म्हणजे १८-८ असं ठरत नाही. निकेल महाग, म्हणून त्याच्या जागी बरंचसं मँगनीज घातलेलं स्टील भांड्यांत खूप वापरतात, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला चिकटणारंच स्टील लागतं. ते खोटं नसतं.

राहिला खोल ओरखडा. तो पॉलिशवाल्याकडेच जायचा. तो भांडं चाकावर धरणार, वरचा थर काढणार आणि नव्यासारखं करून देणार. नेमकं इथेच जरा थांबा.

भांडं उलटं करा, काठाखाली पाहा. कंप पावणाऱ्या सुईने घातलेली, बारीक बारीक ठिपक्यांची अक्षरं असतील. “चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहप्रीत्यर्थ, आत्या व काका यांजकडून सप्रेम भेट”, खाली तारीख. भांडी विकत घेतली की दुकानदारच विचारायचा, नाव काय घालू? रांगेत उभं राहून घाईघाईत घातलेली ती नावं, त्यात शुद्धलेखनाच्या गमती, कधी मावशीचं नावच नाही, नुसतं ‘सौ. मावशी’. चाकाला ती अक्षरंही ओरखडेच वाटतात. पॉलिश होऊन आलेल्या डब्यावर आरसा असतो आणि नाव नसतं.

ही केवळ आठवणीची गोष्ट नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन हे पूर्णपणे त्या बाईचंच, सासरच्या घरात ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, आणि मागूनही परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षी हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली नियम आले. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची; वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, देणाऱ्याचं नाव आणि नातं काय, आणि खाली वधूवरांच्या सह्या. किती लग्नांत ही यादी होते, तुम्हीच सांगा. पण वस्तू, देणाऱ्याचं नाव, नातं आणि तारीख, एवढा मजकूर आपल्या आया-मावशा तो नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून डब्याच्या बुडावर लिहून घेत होत्या. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, दारावरच्या पाटीवर नाही. माहेरचं नाव तर लग्नाच्या दिवशी तांदळात नवं नाव लिहून बदललेलंही असतं. पिंपाच्या काठावर मात्र ते जुनं नाव पन्नास वर्षं घासूनही टिकलेलं असतं. नांदायचं बिनसलं, घर सोडायची वेळ आली, तर माझं काय आणि तुमचं काय हे सांगताना ही अक्षरं उपयोगी पडतात.

म्हणून भांडं पॉलिशला देण्याआधी ते नाव वहीत उतरवून घ्या. वस्तू, नाव, नातं, तारीख, जसं असेल तसं, चुकांसकट. मोबाइल असेल तर फोटो काढा. मग नावाच्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावा आणि पॉलिशवाल्याला सांगा, एवढी पट्टी सोडून बाकीचं कर. तो कुरकुर करेल, कारण चाक तिथे उचलावं लागतं. तरी सांगा. एकसारखं दिसणार नाही, पट्टीपुरतं भांडं जुनंच राहील, ते चालवून घ्या.

आणि आजीच्या पितळेवर खिळ्याच्या ठोक्यांनी घातलेलं, झिजून दिसेनासं झालेलं नाव वाचायचं असेल तर ते चिंच लावून घासू नका. भांडं कोरडं करा, नावाच्या जागेवर चिमूटभर तांदळाचं पीठ चोळा आणि तळहाताने हलकेच पुसून घ्या. वरचं पीठ जातं आणि ठोक्यांत अडकलेलं राहतं. मग भांडं खिडकीच्या उजेडात तिरपं धरा आणि कुणाला तरी वही घेऊन शेजारी बसवा.